भुसा, मीठ आणि अर्धा मीटर बर्फ: केंब्रिज बे येथील सागरी बर्फ जाड करण्याच्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

नागपुरात मे महिन्यात रसवंतीसमोर बर्फाची सिल्ली उतरते तेव्हा तिच्यावर लाकडाचा भुसा असतो आणि वरून ओला बारदाना. भुशामुळे बाहेरची उष्णता आत जात नाही, हे दुकानातल्या पोरालाही माहीत असते. आता हीच सिल्ली उणे ३० अंशांच्या हवेत ठेवली आणि तिच्या खाली पाणी असले, तर तोच भुसा उलटे काम करतो. खालच्या पाण्यातली उष्णता तो वर जाऊ देत नाही, त्यामुळे सिल्ली जाड होत नाही. आर्क्टिक महासागरावरच्या बर्फाच्या अंगावर असा भुसा दर हिवाळ्यात पडतो. तो म्हणजे हिम.

या लेखात ‘हिम’ म्हणजे वरून पडलेले भुरभुरीत, हवेने भरलेले, आणि ‘बर्फ’ म्हणजे समुद्राचे पाणी गोठून झालेला घट्ट थर. दोन्हींना सरसकट बर्फ म्हटले की या प्रयोगातले काहीच समजत नाही.

प्रकरण असे आहे. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, व्हिक्टोरिया बेटावर, ६९ अंश उत्तर अक्षांशावर केंब्रिज बे हे गाव आहे. इनुइट लोक त्याला इकालुक्तुतियाक म्हणतात, म्हणजे चांगल्या मासेमारीची जागा. कॅनडाचे उच्च आर्क्टिक संशोधन केंद्रही इथेच आहे. २०२४ च्या जानेवारीत ‘रिअल आइस’ या ब्रिटिश गटाने, उन्हाळ्यात बर्फ अधिक दिवस टिकावा म्हणून, गावाजवळच्या सागरी बर्फाला भोके पाडून खालचे समुद्राचे पाणी पंपाने वर घेतले आणि हिमावर पसरवले. क्षेत्र चार हजार चौरस मीटरच्या आसपास होते. मे महिन्यात मोजले तेव्हा शेजारच्या न छेडलेल्या बर्फापेक्षा तिथला बर्फ सरासरी सुमारे अर्धा मीटर जाड निघाला. त्यातला निम्मा भाग वरच्या हिमाचा बर्फ झाल्यामुळे वाढला होता आणि उरलेला निम्मा बर्फाच्या खालच्या बाजूने, आपोआप.

पंपाने पाणी वर टाकले, ते वर गोठले, हे कुणालाही पटते. पण खालून पाव मीटर कसा वाढला? या प्रयोगाचा जीव त्या उत्तरात आहे.

बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लवकर कळेल. उणे दहा अंशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या डब्यातली २८ सेंटिमीटर जाडीची सिल्ली गोठायला दोन दिवसांच्या आसपास लागतात. निम्म्या जाडीची सिल्ली मात्र एका दिवसात नव्हे, अर्ध्या दिवसात तयार होते. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो, कारण आतल्या पाण्याची उष्णता आधी तयार झालेल्या बर्फातूनच बाहेर पडायची असते. बर्फ स्वतःच स्वतःची वाढ अडवतो. जोसेफ स्टीफन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवीय बर्फासाठी मांडलेला नियम हाच आहे.

त्यावर हिम पडले की अडथळा किती वाढतो, ते पाहू. बर्फाची उष्णतावाहकता साधारण २.१ आणि वाऱ्याने दाबलेल्या हिमाची साधारण ०.३ (दोन्ही वॅट प्रति मीटर प्रति अंश). म्हणजे २० सेंटिमीटर हिम उष्णता अडवण्याच्या बाबतीत १४० सेंटिमीटर बर्फाइतके भारी पडते. समजा बर्फ एक मीटर जाड आहे, वर २० सेंटिमीटर हिम आहे, वरचा पृष्ठभाग उणे ३० अंशांवर आणि खालचे पाणी उणे १.८ अंशांवर आहे. तेव्हा दर चौरस मीटरमधून सुमारे २५ वॅट उष्णता वर जाते आणि बर्फ खालून दिवसाला आठ मिलिमीटर वाढतो. आता ते हिम पाण्याने भिजवून त्याचाच बर्फ करा. थर १.२ मीटरचा झाला, पण भुसा गेला. उष्णता दर चौरस मीटरला ४९ वॅटने जाऊ लागते आणि वाढ दिवसाला सोळा मिलिमीटरच्या आसपास पोचते.

साठ दिवसांचा हिशेब केला, तर हिमाखालचा बर्फ सुमारे ४३ सेंटिमीटर वाढतो आणि हिम काढून टाकलेला सुमारे ७२. फरक २९ सेंटिमीटर. त्यात वरचे २० मिळवले की अर्धा मीटर होतो. नवे हिम पडत नाही असे धरून केलेले हे कागदावरचे ढोबळ गणित आहे. तरी ते प्रत्यक्ष मोजमापाच्या इतके जवळ जाते, हे महत्त्वाचे आहे. म्हणजे पंपाचे मुख्य काम बर्फ बनवण्याचे नाही. त्याचे काम भुसा बाजूला करण्याचे आहे. बर्फ थंडी बनवते.

विजेचा हिशेब केला की हे आणखी स्पष्ट होते. २० सेंटिमीटर हिमात जवळपास दोन तृतीयांश जागा हवेची असते. ती भरायला १३ सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला १३० लिटर. एका हेक्टरला तेरा लाख लिटर झाले, दहा हजार लिटरचे १३० टँकर. ऐकायला प्रचंड वाटते, पण हे पाणी उचलायचे किती? भोकातून हिमाच्या पातळीपर्यंत, नळीतला अडथळा धरून एक मीटर समजा. सेकंदाला १५ लिटर देणारा, अर्ध्या किलोवॅटचा पंप हे काम चोवीस तासांत करतो. खर्च बारा युनिट. तेच पाणी गोठताना हवेत जी उष्णता सोडते ती सुमारे एक लाख वीस हजार युनिटांची असते. माणसाने एक भाग श्रम करायचे आणि आर्क्टिकच्या रात्रीने दहा हजार भाग, असा हा व्यवहार आहे. हवामान हस्तक्षेपाच्या फार थोड्या कल्पनांमध्ये निसर्गाची इतकी साथ मिळते, आणि म्हणूनच ही कल्पना नीट तपासून पाहण्याजोगी आहे.

पाणी वर आणून गोठवण्याची युक्ती नवी नाही. अंटार्क्टिकात अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर १९७३ पासून अनेक दशके पाण्याचे थरावर थर गोठवून जहाजांसाठी धक्का बांधला जात असे. तो उन्हाळ्यात वितळू नये म्हणून त्यावर खडी पसरत. तीही भुशाच्याच जातीची.

आता प्रत्यक्ष काम. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बोअरवेलचा सबमर्सिबल पंप इथे चालत नाही. तो दोनशे फुटांवरून थोडे पाणी चढवतो, इथे हातभर उंचीवर भरपूर पाणी हवे. पंप बर्फाच्या खाली, पाण्यात लटकत ठेवायचा. तिथे तापमान कायम उणे १.८ अंश असते, त्यामुळे पंपाला धोका नसतो. धोका आहे भोकात आणि नळीत. पाणी वाहते आहे तोवर सगळे ठीक. प्रवाह थांबला की उणे ३० अंशांत नळी काही मिनिटांत आतून गच्च होते. म्हणून नळी उताराला ठेवतात आणि पंप बंद करण्याआधी ती रिकामी होईल अशी सोय करतात. बॅटरी उबदार पेटीत ठेवावी लागते. थंडीत तिची क्षमता घटते आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते.

एक बिघाड असा आहे की तो गणित केल्याशिवाय लक्षात येत नाही. एक मीटर बर्फ आणि वर २० सेंटिमीटर हिम असेल, तर बर्फाचा वरचा पृष्ठभाग समुद्रपातळीच्या जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वर असतो. त्यावर दर चौरस मीटरला १३० किलो पाणी टाकले की मोठ्या क्षेत्रावरचा बर्फ तेरा सेंटिमीटर खाली बसतो आणि त्याचा जुना पृष्ठभाग समुद्रपातळीच्या खाली जातो. मग पंप बंद केला तरी भोकातून पाणी वर येतच राहते, हवे तितके झाल्यावरही. यावर उपाय म्हणजे भोकात आधी पाइपची बाही बसवायची, तिचे तोंड हिमाच्या बरेच वर ठेवायचे, आणि काम झाले की भोक बंद करायचे. शेजारच्या भेगांना मात्र बाही बसवता येत नाही.

दुसरी अडचण पाणी पसरण्याची. हिमात पाणी सगळीकडे सारखे पसरत नाही. भोकाजवळ जाड आणि कडेला पातळ, असा भिंगासारखा आकार होतो. एकाच वेळी फार पाणी सोडले तर वरचा पापुद्रा आधी गोठतो आणि खाली कित्येक दिवस लगदा राहतो. वरून तो पक्का दिसतो. स्नोमोबाइल घेऊन शिकारीला जाणाऱ्या माणसाच्या जिवाला ही जागा घातक असते. म्हणून पाणी थोडे थोडे सोडायचे, प्रत्येक थर दोन-तीन दिवस गोठू द्यायचा आणि भिजवलेल्या क्षेत्राच्या कडेला झेंडे लावायचे. गावाला सांगितल्याशिवाय पहिले भोकसुद्धा पाडायचे नाही.

मिठाचा प्रश्न माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी समजलेला आहे. नागपूरच्या बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची जाळी जूनमध्ये उघडून पाहावी: वाळ्यावर किंवा लाकडाच्या कुरळ्या काड्यांवर पांढरा कडक थर चढलेला असतो. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. समुद्राचे पाणी गोठताना असेच होते. बर्फाच्या स्फटिकात मीठ मावत नाही, म्हणून ते दाट खाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांत जमा होते. बर्फ खालून वाढतो तेव्हा यातले बरेचसे खारे पाणी समुद्रात निथळते. वरून ओतलेल्या पाण्याला मात्र खाली जायला जुना, थंड, घट्ट बर्फ आडवा येतो. १३० लिटर पाण्यात सुमारे चार किलो मीठ असते. दर चौरस मीटरवर मिठाच्या चार पुड्या! सागरी बर्फात खाऱ्या पाण्याचे प्रमाण साधारण पाच टक्क्यांपेक्षा कमी असले की त्याच्या वाटा बंद होतात. उणे पाच अंश आणि हजारी पाच भाग क्षारता ही त्याची ढोबळ सीमा आहे. जानेवारीच्या थंडीत वरचा बर्फ याहून खूप गार असतो, त्यामुळे मीठ तिथेच अडकून राहण्याचा धोका असतो. खारट बर्फ कमी तापमानाला मऊ पडतो, लवकर वितळू लागतो. जाडी अर्धा मीटर वाढली, पण तो बर्फ कच्चा असेल तर जूनमध्ये किती दिवस टिकेल, हे केवळ जाडीवरून सांगता येत नाही. म्हणूनच अशा प्रयोगात फक्त ड्रिलने जाडी मोजणे पुरेसे नाही. बर्फाचा उभा गाभा काढून त्याच्या दर पाच-दहा सेंटिमीटरच्या चकत्या वितळवून क्षारता मोजली पाहिजे, आणि बर्फात तापमापकांची साखळी हिवाळाभर गाडून ठेवली पाहिजे.

उन्हाळा सुरू झाला की भुशाची भूमिका पुन्हा पालटते. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते, उघडा बर्फ पन्नास ते पासष्ट टक्के, वितळपाण्याची डबकी वीस ते चाळीस, आणि उघडा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. २१ जूनच्या सुमारास, वातावरणाच्या वरच्या टोकाला मोजले तर, उत्तर ध्रुवावर दिवसभरात पडणारी सूर्याची ऊर्जा नागपूरपेक्षाही जास्त असते, कारण तिथे तो चोवीस तास मावळत नाही. तेव्हा बर्फाच्या अंगावर हिमाची पांढरी चादर असणे फार मोलाचे आहे. जानेवारीत तीच चादर आपण पाण्यात बुडवलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये नवे हिम पडले तर बरे. नाही पडले तर जाड पण उघडा बर्फ मे महिन्यातच ऊन शोषू लागेल आणि हिवाळ्यात मिळवलेले उन्हाळ्यात जाईल. म्हणून पाणी डिसेंबर-जानेवारीत सोडायचे, उशिरा नाही. पण लवकर सोडले की नंतर पडणारे हिम पुन्हा भुसा होते आणि खालची वाढ मंदावते. या दोन टोकांमध्ये योग्य तारीख कोणती, हे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वर्षी वेगळे असणार.

सगळे जुळून आले तर फायदा किती? जूनच्या अखेरीपासून बर्फ दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वितळतो असे धरले, तर अर्धा मीटर म्हणजे सुमारे तीन आठवडे. तेवढ्या काळात उघड्या पाण्याऐवजी बर्फ राहिल्याने जी उष्णता समुद्रात जाणार नाही, ती आणखी अर्धा मीटर बर्फ वितळवायला पुरेशी असते. हा फायदा खरा आहे. पण केंब्रिज बेच्या प्रयोगात मोजली गेली ती मे महिन्यातली जाडी. ज्या तीन आठवड्यांसाठी हे सगळे करायचे, ते त्यानंतर येतात.

हिमावर आणखी कुणाचा तरी हक्क आहे. रिंग्ड सीलची मादी श्वासाच्या भोकावरच्या हिमात गुहा कोरते आणि वसंतात तिथे पिल्लाला जन्म देते. हिम भिजवून बर्फ केले तर गुहा कोरायला जागाच राहत नाही. ही गोष्ट गावातले शिकारी पहिल्याच बैठकीत सांगतात. त्यांना विचारून, सील जिथे येत नाहीत अशी जागा निवडणे हा प्रयोगाचाच भाग आहे. परवानगीच्या कागदावर सही घेतली म्हणजे संपले, असे इथे चालत नाही.

आता आकाराचा प्रश्न. केंब्रिज बेचा बर्फ किनाऱ्याला घट्ट धरलेला असतो, रोज त्याच जागी सापडतो. मध्य आर्क्टिकमधला बर्फ वाहता आहे, वाऱ्याबरोबर दिवसाला कित्येक किलोमीटर सरकतो आणि त्याचा काही भाग दरवर्षी ग्रीनलंड व स्वालबार्ड यांच्यामधून अटलांटिककडे निघून जातो. तरी दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आर्क्टिक महासागराचा साधारण दहावा हिस्सा, एकदा भिजवायचा ठरवला तर १३० अब्ज घनमीटर पाणी लागेल. नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा सुमारे एक अब्ज घनमीटर आहे. अशी १३० धरणे एका हिवाळ्यात उपसायची. आपला १५ लिटरचा पंप शंभर दिवसांत, एकदाही न बिघडता, एक चौरस किलोमीटर उरकतो. म्हणजे दहा लाख पंप, आणि ते रोज नव्या भोकात हलवणारी माणसे किंवा यंत्रे. स्टीव्हन डेश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वाऱ्यावर चालणाऱ्या, एकाच जागी राहणाऱ्या पंपांचा हिशेब मांडला होता: दहा टक्के आर्क्टिकसाठी एक कोटी पंप आणि बर्फाची वाढ एक मीटर. २०१९ मध्ये झाम्पिएरी आणि गोसलिंग यांनी हवामान प्रारूपात पाहिले की असे केल्यास उन्हाळी बर्फाची घट अनेक दशके लांबते, पण जागतिक तापमानवाढ थांबत नाही.

या आकड्यांमुळे काही शास्त्रज्ञ कल्पना सरळ बाजूला ठेवतात. मार्टिन सीगर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ध्रुवीय प्रदेशांसाठी सुचवलेले पाच उपाय तपासले. त्यात सागरी बर्फाचे व्यवस्थापनही होते. पाचांपैकी एकही निकषांवर उतरत नाही आणि उत्सर्जन घटवण्यावरून लक्ष उडते, असे त्यांनी म्हटले. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या ‘एरिया’ या सरकारी संस्थेने हवामान थंड करण्याच्या संशोधनाला ५ कोटी ६८ लाख पौंड जाहीर केले, त्यात बर्फ जाड करण्याच्या प्रयोगांनाही वाटा मिळाला. सीगर्ट यांचा आकाराबद्दलचा आक्षेप मला पूर्ण पटतो. छोटे, उघड, मोजता येणारे प्रयोग थांबवावेत हे मात्र पटत नाही. काचेच्या पोकळ मण्यांचे उदाहरण डोळ्यासमोर आहे. आर्क्टिक आइस प्रोजेक्टने बर्फावर बारीक मणी पसरून तो अधिक चकचकीत करण्याचा प्रयत्न अनेक वर्षे केला. २०२२ मध्ये वेबस्टर आणि वॉरेन यांनी दाखवले की मणी थोडा प्रकाश शोषतात आणि हिमावर पडले तर वितळणे उलट वाढवतील. विषारीपणाच्या चाचण्यांत अन्नसाखळीला धोका दिसला, आणि २०२५ मध्ये संस्थेने काम बंद केले. ‘नाही’ हे उत्तर मोजमापातून आले म्हणूनच ते ठाम आहे.

भारताच्या मध्यावर बसून याची काळजी का करायची, तर १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापला आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातला घटता बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिपाऊस यांच्यात संबंध असण्याची शक्यता मांडली आहे. सप्टेंबरात विदर्भात सोयाबीन काढणीला आलेले असते.

या प्रयोगाचा गाभा नागपुरातच, डिसेंबर-जानेवारीत, आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये तपासता येतो. थर्मोकोलचे तीन सारखे डबे घ्यावेत, आत ३० सेंटिमीटर खोल. लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेले पाणी आधी शून्याच्या आसपास गार करून भरावे. बाजू आणि तळ बाहेरून आणखी थर्मोकोलने झाकाव्यात, म्हणजे गोठणे फक्त वरून होईल. पाणी गोठताना नऊ टक्के फुगते, म्हणून तळाजवळून एक बारीक नळी वर काढून ठेवावी आणि ती डब्याच्या आतल्याच बाजूने न्यावी. हे विसरले तर दाबलेले पाणी बर्फाच्या कडेने वर येते, कोरडा ठेवायचा डबा स्वतःच भिजतो आणि तुलना वाया जाते. उणे १८ अंशांना पहिल्या दिवसात चार-साडेचार सेंटिमीटर बर्फ धरेल. स्टीफनचा नियम सुमारे १५ सांगतो. फ्रीजरमधली स्थिर हवा स्वतःच भुशासारखी वागते म्हणून हा फरक पडतो, छोटा पंखा लावला की तो कमी होतो.

मग एक डबा तसाच ठेवावा. बाकी दोन्हींवर गोळेवाल्याच्या किसणीने किसलेला बर्फ तीन सेंटिमीटर पसरावा, आणि त्यातल्या एकावर तोच थर जेमतेम भिजेल एवढे गार खारे पाणी ओतावे. दोन दिवसांनी तिन्हींची जाडी मोजून घ्यावी. नंतर डबे फ्रीजरमधून काढून सावलीत, वरून ६० वॅटचा एक एक बल्ब सारख्या उंचीवर लावून ठेवावेत आणि पहिले पाणी कुठल्या डब्यावर दिसते त्याची वेळ लिहावी. भिजवलेल्या डब्यातल्या सर्वांत वरच्या दोन सेंटिमीटरची चकती वेगळी वितळवून तिची क्षारता टीडीएस मीटरने पाहावी. मीटरची मर्यादा ओलांडू नये म्हणून ती वीसपट पातळ करून घ्यावी. केंब्रिज बेच्या बर्फाबद्दल जून-जुलैमध्ये विचारायचे प्रश्न हेच आहेत: पहिले डबके कोणत्या तारखेला साचले, वरच्या थरात मीठ किती उरले, आणि शेजारचा न छेडलेला बर्फ फुटल्यावर हा किती दिवस टिकला.